मार्चमध्ये ‘गेलेली’ डिस्क

आमच्या धंद्यात डेटा वाचवण्याआधी लोकांचे हात धरावे लागतात. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या अण्णांचा फोन आला, तेव्हा पुण्यातला आयटीवाला भाचा त्यांच्या दुसऱ्या फोनवर होताच आणि ॲरे (अनेक डिस्क जोडून केलेला एकच साठा) नव्याने ‘क्रिएट’ करायची कमांड स्क्रीनवर अर्धी टाईप झालेली. म्हटलं, “अण्णा, एंटर दाबू नका. मशीन बंद करा आणि चहा घ्या, मी येतोय.”

अण्णा लग्नाचे व्हिडिओ करतात. घरातल्याच मागच्या खोलीत लिनक्सचं मशीन, त्यात ४ टीबीच्या चार डिस्क, ‘रेड ५’ पद्धतीने एकत्र जोडलेल्या. चारपैकी एका डिस्कएवढी जागा पॅरिटीत, म्हणजे हरवलेला डेटा परत काढायच्या हिशोबात, जाते, त्यामुळे एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं. दुसरी गेली की ॲरे बसला. यांच्या दोन गेल्या होत्या. “दोन्ही एकदम कशा जातील?” हा भाच्याचा मुद्दा.

एकदम गेल्याच नव्हत्या. प्रत्येक डिस्कवर ॲरेची नोंद असते, ती वाचली. पहिल्या दोन बरोबरीच्या. चौथी किंचित मागे, म्हणजे नुकतीच बाहेर पडलेली. तिसरीची शेवटची नोंद मार्चमधली, आणि बाहेर जूनचा पाऊस सुरू. एवढे महिने ॲरे तीन डिस्कवर रेटत होता. मशीन काही गप्प बसलं नव्हतं. ‘डिग्रेडेड ॲरे’, म्हणजे डिस्क कमी पडलेला ॲरे, म्हणून रोज मेल टाकत होतं, पण रूटच्या (मशीनच्या ॲडमिन खात्याच्या) लोकल मेलबॉक्समध्ये, जी कुणी कधी उघडलीच नव्हती. सेटअप करणाऱ्याने अण्णांचा मेल आयडी टाकायचे कष्ट घेतले नव्हते. सेटअप भाच्याचाच. अण्णांसमोर मी ते काढलं नाही.

मूळ डिस्कला हात न लावता आधी चौघींच्या नकला. ४ टीबीची धड डिस्क वाचायलाच साडेसात-आठ तास जातात. आजारी डिस्कचा तर हिशोबच नाही. “आज संध्याकाळपर्यंत होईल न्हवं?” असं विचारणाऱ्यांना मी आता हसत नाही, सरळ ‘नाही’ म्हणतो. तिसरीची नक्कल मात्र एका दमात झाली. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या स्मार्ट रिपोर्टमध्ये खराब सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) शून्य, सीआरसी एरर, म्हणजे वाटेत डेटा बिघडल्याच्या नोंदी, मात्र ढीगभर. डिस्क ठणठणीत, तिला मशीनशी जोडणारी साटा केबल भिकार. खरी आजारी होती ती चौथी. डीडीरेस्क्यू हे आजारी डिस्कची नक्कल काढायचं सॉफ्टवेअर लावून आधी सोपं तेवढं उचललं, मग अडलेल्या जागी पुन्हापुन्हा प्रयत्न. तरी शेवटी मूठभर सेक्टर काही केल्या वाचेनात.

पहिली, दुसरी आणि चौथीची नक्कल घेऊन ॲरे जबरदस्तीने उभा केला, फक्त वाचण्यापुरता. फोल्डर दिसले तसे अण्णा ओरडले, “नाद खुळा!” म्हटलं, थांबा जरा. न वाचलेल्या सेक्टरच्या जागी शून्यं भरलेली आहेत, ती कुठल्या फाइलींत आलीत ते बघू. चंक, म्हणजे एका डिस्कवर सलग जाणारा तुकडा, ५१२ केबीचा. चारही डिस्कवरचे असे तुकडे मिळून एक पट्टा, आणि पॅरिटी प्रत्येक पट्ट्यात डिस्क बदलते. कागदावर गणित मांडून एकेक सेक्टर शोधला. काही रिकाम्या जागेत पडले होते, त्यांची चिंता नाही. उरलेले सगळे दोनच फाइलींत निघाले. एक, ऑगस्ट २०१९ च्या महापुराचं अण्णांनी स्वतः केलेलं शूटिंग, शाहूपुरीत होड्या फिरत होत्या तेव्हाचं. दुसरी, यंदाच्या मे महिन्यातलं एक लग्न.

पुराचं शूटिंग वाचलं ते तिसऱ्या डिस्कमुळे. रेड ५ मध्ये तीन डिस्कवरच्या एकाच जागेचे बाइट एक्सॉर केले (दोन बिट सारखे तर ०, वेगळे तर १, असं गणित) की चौथीवरचे मिळतात. तिसरी मार्चमध्ये बाहेर पडली, पण २०१९ ची फाइल त्यानंतर कुणी हलवलीच नव्हती, म्हणजे तेवढ्या पट्ट्यापुरती ती शिळी नव्हती. खात्रीसाठी शेजारचे, चौथीवर वाचता आलेले सेक्टर ताडून बघितले. पहिली, दुसरी, तिसरी यांचा एक्सॉर चौथीशी तंतोतंत जुळला. मग छोटी स्क्रिप्ट लिहून न वाचलेले सेक्टर तसेच काढले आणि चौथीच्या नकलेत भरले. व्हिडिओ सलग चालला. सांगायला हरकत नाही, त्या रात्री मी स्वतःवर खूश होतो.

भाच्याचा आदल्या दिवशीचा सल्ला होता, “तिसरी गेलेलीच आहे, फॉरमॅट मारून नवीन म्हणून जोडू.” तसं केलं असतं तर पूर गेलाच असता. उलट मार्चमध्ये कुणी ते मेल वाचून केबल बदलली असती आणि हीच डिस्क परत घेतली असती, तर यातलं काहीच झालं नसतं. की झालं असतं? पूर्ण रीबिल्ड, म्हणजे परत घेतलेली डिस्क बाकीच्या तिघींवरून नव्याने भरणं, करावं लागलं असतं, तर चौथी टोकापासून टोकापर्यंत वाचावी लागली असती. मार्चमध्ये ती धड होती का, हे आता कळायला मार्ग नाही. मी अजून तिथंच अडकलोय.

लग्नाच्या फाइलीला मात्र इलाज नव्हता. ती मे महिन्यातली, तेव्हा तिसरी ॲरेच्या बाहेर. तिथला एक्सॉर शेजारच्या सेक्टरशी जुळेना. ऐन मंगलाष्टकांत चित्र फाटतं, काही सेकंद हिरवे चौकोन नाचतात.

“पाकळ्यांचा इफेक्ट टाकतो की तिथं,” अण्णा म्हणाले.

“पार्टीला सांगणार का?”

“कशाला? लग्न तर लागलंय न्हवं.”

मी बिल केलं. त्यात केबलचे पैसे वेगळे लावले, भाच्याला दिसावेत म्हणून. बॅकअपसाठी बाहेरच्या डिस्कचं कोटेशनही दिलंय. अण्णा म्हणतात, दिवाळीनंतर बघू.