गोड बिअर आणि सांबारवडी

नागपुरात गोडाला ताटात भरपूर मान आहे, ग्लासात नाही. संत्रा बर्फीचा डबा घेतल्याशिवाय पाहुणा रेल्वेत चढत नाही. पण त्याच पाहुण्यापुढे गोड बिअर ठेवून पाहा. माझ्या साळ्याने पहिला घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "भाऊजी, हे तं सरबत हाय. काहून पाजून रायले?"

बाटली भाच्याने पोर्तुगालहून आणलेली. आत ब्लाँड एल, म्हणजे फिक्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) सोनेरी बिअर, आणि तिच्यात मिसळलेली पांढरी पोर्ट वाइन. पोर्ट म्हटलं की आपल्याला गोव्याची स्वस्त, गोड, लाल बाटली आठवते. ही ती नव्हे. मूळची पोर्ट डोरो नदीच्या खोऱ्यातली. तिथल्या द्राक्षमळ्यांच्या हद्दी १७५६ मध्येच आखल्या गेल्या.

पहिला ग्लास थेट फ्रिजमधून काढलेला होता. त्याला वासच नव्हता. आपल्याकडे बिअर 'एकदम चिल्ड' मागायची रीत आहे, आणि मे महिन्यात ती मला पूर्ण मान्य आहे. पण डिसेंबरातल्या रात्री गच्चीवर बसून तो हट्ट कशाला? ग्लास तसाच हातात धरून ठेवला. दहा-बारा अंशांवर आल्यावर वास मोकळा झाला: आधी थोडं केळ, थोडी लवंग, हे बेल्जियन जातीच्या यीस्टचं काम, आणि मागून वाळलेल्या मोहफुलांचा वास. मनुकांचा म्हणा हवं तर. पण ज्याने गडचिरोलीच्या बाजूला अंगणात मोहफुलं वाळत घातलेली पाहिली आहेत, त्याला मनुका नंतर आठवतील.

घोट मात्र फसवा निघाला. सुरुवात गोड, मध्ये बिस्किटासारखा धान्याचा भरीवपणा, आणि अगदी शेवटी घशात हलकी ऊब. त्या ऊबेत पोर्टमध्ये ओतलेल्या द्राक्षाच्या दारूचाही वाटा.

मला यातली गोडी कुठून येते ते फार गमतीचं वाटतं. पोर्ट करताना द्राक्षाचा रस आंबू लागतो, यीस्ट साखर खाऊन तिची दारू करत सुटतं. दोन-तीन दिवसांत निम्मी साखर संपते. तेवढ्यात त्यात सुमारे ७७ टक्क्यांची दारू ओततात, साधारण चार भाग रसाला एक भाग. यीस्टचा कारभार तिथेच आटोपतो. उरलेली साखर वाचते, आणि वाइन १९-२० टक्क्यांची होऊन बसते. लिटरमागे शंभरेक ग्रॅम साखर, म्हणजे कोलाच्या तोडीची.

बिअरचा प्रकार निराळा. भरडलेलं माल्ट गरम पाण्यात मुरवतात. पाणी ६३ अंशांच्या आसपास असलं तर यीस्टला आवडणारी साखर जास्त सुटते. ७० च्या जवळ नेलं तर त्याला न पचणारे मोठे रेणू जास्त उरतात आणि बिअर जिभेवर जाड लागते. पाच-सात अंशांचा खेळ. नागपूरकरांना हे समजावून सांगायला नको, ४० आणि ४६ मधला फरक आम्ही दरवर्षी अंगावर घेतो.

आता या दोन्ही एकत्र करा. किती प्रमाणात केल्या ते बाटलीवर नव्हतं. समजा नऊ भाग साडेसहा टक्क्यांची बिअर आणि एक भाग पोर्ट, तर दारू पावणेआठच्या आसपास जाते आणि लिटरमागे दहा ग्रॅम साखर वाढते. ही दहा ग्रॅम म्हणजे घोळ! पोर्टमध्ये ती सुरक्षित होती, कारण २० टक्क्यांत यीस्ट जगत नाही. पावणेआठ टक्क्यांत ते मजेत जगतं. म्हणजे बिअरमध्ये जिवंत यीस्ट उरलं असेल, तर एवढ्या खटपटीने वाचवलेली साखर ते बाटलीत बसून खाणार, गोडी जाणार, वायू साठणार, आणि बाटली फुटायचीही भीती. म्हणून अशी बिअर बारीक गाळावी तरी लागते, नाहीतर तापवून यीस्ट मारावं लागतं. एकाच साखरेला दोनदा राखण.

भाचा म्हणत होता, "मामा, दुसरी बाटली उन्हाळ्यासाठी ठेवा." मी साफ नकार दिला. यीस्ट गाळलेलं असो वा नसो, आमच्या घरातला मे महिना कुठल्याही बिअरचं भलं करत नाही. आणि तिला वर्ध्याच्या मावशीकडेही ठेवता येत नाही, तो जिल्हाच दारूबंदीचा.

खायला काय, यावर थोडी बाचाबाची झाली. साळ्याने सोबत इतवारीतून सावजी मटण आणलं होतं. सावजीचा काळा मसाला, वर तरंगणारा तर्रीचा थर, आणि त्यावर ही फसफसणारी बिअर. लोक म्हणतात गोडाने तिखट उतरतं. उतरतं, पण फसफस आधी ते टोचून जागं करते. साळ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रश्शाची चवही बिघडली, बिअरचीही. संत्रा बर्फी मी सुचवलीच नाही. दोन गोड वस्तू एकमेकींना फिक्या पाडतात.

मग बायकोने सांबारवड्या आणल्या. थंडीत सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, स्वस्त आणि ताजा, म्हणून त्या घरात होत्याच. बेसनाचं खमंग कवच, आत सांबार, खसखस, खोबरं, सोबत चिंचेचं पाणी. तेलकटपणा फसफशीने धुतला, खोबऱ्याला माल्टचा धान्याचा स्वाद मिळाला, आणि चिंचेच्या आंबटापुढे पोर्टची गोडी एकदम शहाण्यासारखी वागू लागली. बिअर आता सरबत राहिली नव्हती.

साळ्याने न विचारता ग्लास पुढे केला. "वडीसंग चालते," तो म्हणाला, "पन सावजीसंग पुन्हा काढू नोका, भाऊजी."