तुरुंगातून सुटला आणि दुसऱ्याच दिवशी सरकार बनवायला बोलावणं

गोल्ड कोस्ट म्हणजे आजचा घाना, तिथला ब्रिटिश गव्हर्नर चार्ल्स आर्डेन-क्लार्क हा माणूस मला जाम इंटरेस्टिंग वाटतो. १९५० मध्ये याच्याच कारकिर्दीत तिथल्या स्वातंत्र्य चळवळीचा पुढारी क्वामे एन्क्रुमाला आत टाकलं, आणि फेब्रुवारी १९५१ च्या निवडणुकीत तोच एन्क्रुमा जेलमध्ये बसून राजधानी अक्रामधून निवडून आला, तेही २३,००० च्या आसपास मतांपैकी २२,७८० मतं घेऊन! आता करायचं काय? गव्हर्नरने सरळ त्याला सोडलं आणि दुसऱ्या दिवशी ख्रिश्चनबोर्गच्या किल्ल्यात, म्हणजे गव्हर्नरच्या मुक्कामी, बोलावून सरकार बनवायला सांगितलं. मोठेपणा वगैरे म्हणतात लोक, मला तर तो पक्का व्यवहार वाटतो, कारण १९४८ ची ब्रिटिश राजवटीविरुद्धची अक्रातली दंगल ताजी होती आणि दुसरा पर्याय होताच कुठे.

पुढे अशांती नावाच्या प्रांतातल्या लोकांनी संघराज्य पाहिजे म्हणून अडून धरलं, लंडनने पण आणखी एक निवडणूक घ्या म्हणून तंगवलं, १९५६ मध्ये ती झाली, एन्क्रुमाच्या पक्षाला १०४ पैकी ७१ जागा, मग कुठे स्वातंत्र्याची तारीख ठरली, ६ मार्च १९५७. आणि गंमत म्हणजे स्वतंत्र घानाचा पहिला गव्हर्नर जनरल कोण, तर हाच आर्डेन-क्लार्क.