तीन चेंडूंचं यंत्र राहू द्या, आधी पाय चालवा

सीओपीडीचा, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागण्याच्या आजाराचा, रुग्ण घरात असला की कोणीतरी तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं यंत्र आणून देतंच. त्याचा खरा उपयोग शस्त्रक्रियेनंतर, श्वास खोल आत ओढण्यासाठी. सीओपीडीत दुखणं उलटं असतं: हवा आत अडकून राहते, पुढच्या श्वासाला जागाच उरत नाही. त्यात धाप लागते म्हणून माणूस बसून राहतो, मांड्या रोडावतात आणि तेवढ्याच चालण्याला आणखी धाप लागते. फुप्फुसांच्या पुनर्वसनाचा, म्हणजे अशा रुग्णांसाठीच्या व्यायाम कार्यक्रमाचा, भर म्हणून पायांवर असतो. साधारण ६ ते ८ आठवडे, आठवड्यातून २-३ वेळा. स्पायरोमेट्रीचे (फुंकून करायच्या श्वासाच्या तपासणीचे) आकडे त्याने फारसे हलत नाहीत, चालण्याचं अंतर मात्र वाढतं.

डॉक्टरांनी हृदय तपासून होकार दिला की सहा मिनिटं चालण्याची चाचणी करायची. ३० मीटरचा सपाट व्हरांडा, जमेल तितकं चालायचं. रुग्ण थांबला तरी घड्याळ थांबवायचं नाही. समजा ३०० मीटर झाले, म्हणजे मिनिटाला ५०. सरावाला त्याचे ८० टक्के धरा: मिनिटाला ४०, दहा मिनिटांत ४००. सलग जमत नसेल तर २ मिनिटं चाला, १ मिनिट थांबा. आधी वेळ ३० मिनिटांपर्यंत न्या, वेग नंतर. रमतगमत फेरफटका यात मोजत नाहीत. शून्य म्हणजे धाप नाही आणि दहा म्हणजे कमाल धाप धरली, तर ४ ते ६ इतकी लागायलाच हवी.

डॉक्टरांनी सांगितला असेल तर पंप (श्वासातून घ्यायचं औषध) व्यायामाच्या १५ मिनिटं आधी घ्यावा. श्वास नाकाने दोन अंक मोजत आत, गरम चहावर फुंकर घालावी तसा चार अंक मोजत बाहेर. जोर लावून फुंकू नका. आधीच अरुंद झालेल्या नळ्या दबतात आणि हवा आणखी अडकते. जिना चढताना श्वास सोडत पायरी चढा.

खुर्चीवरून हात न टेकता ८-१० वेळा उठबस, असे दोन-तीन फेरे. हातांसाठी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या पुरतात. दोरीवर कपडे टाकताना धाप का लागते? खांद्याचे जे स्नायू श्वासाला मदत करतात, तेच तेव्हा हात वर धरण्यात गुंततात.

ऑक्सिमीटरवर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) आकडा ८८ टक्क्यांच्या खाली गेला, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा. मेंदी, नेलपॉलिश, गार बोटं आणि हलता हात यांनी आकडा चुकू शकतो.

आजार बळावून रुग्णालयात राहावं लागलं, तर घरी आल्यावर चार आठवड्यांच्या आत पुन्हा सुरुवात करावी. मात्र चाचणी नव्याने. जुने ४०० मीटर धरून बसू नये.