तुम्ही विचारलंत म्हणून: 'ते एएस/४०० बंद झालं ना?'

"ते एएस/४०० तर कधीच बंद झालं ना? मग तुम्ही अजून विकता काय?" जळगावात माझं सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस आहे, त्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात आणि बँकेत कर्जाच्या टेबलावरही. अमळनेरचा चुलतभाऊ सरळ अहिराणीत येतो, "काय भो, ते तुन्हं मशीन अजून चालस का?"

चालस. आणि ते बंद झालं असं वाटण्यात तुमची काही चूक नाही. जून १९८८ मध्ये आयबीएमने ते, म्हणजे कंपन्यांचे व्यवहार सांभाळणारं संगणक-मशीन, एएस/४०० नावाने आणलं. २००० मध्ये ते आयसिरीज झालं, २००४ मध्ये आय५, २००६ मध्ये सिस्टिम आय. २००८ पासून तर ते वेगळं मशीन राहिलंच नाही. पॉवर नावाचा सर्व्हर घ्यायचा आणि त्यावर 'आयबीएम आय' ही ऑपरेटिंग सिस्टिम चढवायची. तिचंही आधीचं नाव ओएस/४००, मधलं आय५/ओएस. एका लेकराची इतकी बारशी झाल्यावर शेजाऱ्यांनी ओळख विसरावी, यात नवल नाही.

आमच्यासारख्या विक्रेत्याला हे कुठे अडतं ते सांगतो. आमच्या वितरकांसाठीच्या पॅकेजच्या नावातच शेवटी '/४००' होतं. त्या काळी तशी पद्धतच होती, नावावरून गिऱ्हाइकाला कळायचं की हे आपल्या मशीनचं. तेच शेपूट पुढे आमच्या अंगावर आलं. कंपनीत नवा आयटी मॅनेजर आला की यादीत '/४००' पाहून शेरा मारणार: कालबाह्य. त्याच्या खाली चालू असलेला सर्व्हर दोन वर्षांपूर्वीचा असतो, हे बघायची तसदी कोण घेतो? आम्ही शेपूट काढलं, तर जुनी गिऱ्हाइकं विचारू लागली की हे नवीन पॅकेज घ्यावं लागेल का. आता कोटेशनवर सगळी नावं ओळीने लिहितो. आणि इंटरनेटवर 'आय' हे एक अक्षर शोधून बघा, काय हाती लागतं ते.

आपल्या विद्यापीठाचं नाव २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, म्हणून त्याआधीच्या पदव्या काही रद्द झाल्या नाहीत. जुन्या करारांबद्दल मी गिऱ्हाइकांना एवढंच सांगतो.

वयाचा मुद्दा मात्र नावापेक्षा जास्त गुंतागुंतीचा आहे, आणि मला त्यातच खरा रस. या सिस्टिमवर प्रोग्रॅम कंपाइल केला, म्हणजे माणसाने लिहिलेला मजकूर (सोर्स) मशीनसाठी बदलून घेतला, की तो थेट प्रोसेसरच्या भाषेत जात नाही. मध्ये एक थर असतो. प्रोग्रॅम त्या थराशी बोलतो, प्रोसेसरशी बोलायचं काम सिस्टिमचं. म्हणून १९९५ मध्ये ४८ बिटांवरून ६४ बिटांच्या पॉवरपीसी प्रोसेसरवर उडी मारली, तेव्हा असंख्य प्रोग्रॅम सोर्सला हात न लावता नव्या मशीनवर आले. प्रोग्रॅमच्या पोटात ठेवलेल्या माहितीवरून सिस्टिमने ते स्वतःच पुन्हा घडवले.

पण ती माहिती पोटात असेल तरच. डिस्क महाग होती तेव्हा जागा वाचवायला, किंवा कोणी आपला कोड उलगडू नये म्हणून, काही विक्रेते ती काढून टाकत. २००८ मध्ये आयबीएम आयची ६.१ आवृत्ती आली आणि तिने पुन्हा सगळे प्रोग्रॅम बदलून घ्यायचं ठरवलं. ज्यांच्या पोटात काही नव्हतं ते तिथेच अडले. आमच्या एका गिऱ्हाइकाकडे चलन छापणारा असाच एक प्रोग्रॅम निघाला. लिहिणाऱ्याने धंदा बंद केलेला, सोर्सचा पत्ता नाही. त्या एका चलनापायी अख्खी कंपनी जुन्या आवृत्तीवर खोळंबली, शेवटी आम्ही छापील कागद समोर ठेवून तो नव्याने लिहिला. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतो: सोर्स कुणाकडे आहे? मशीनचं वय नंतर.

आमची रोजची कटकट वेगळीच. नव्या आवृत्तीवर बसून कंपाइल करताना साधारण दोन आवृत्त्या मागेपर्यंतच्याच मशीनवर चालेल असा प्रोग्रॅम बनवता येतो. सगळ्यात मागे राहिलेलं गिऱ्हाईक जिथे, तिथे आमचंही एक मशीन ठेवावं लागतं. प्रोग्रॅमच्या भाषेत आलेल्या नव्या सोयी तोवर नुसत्या वाचायच्या. त्यात लायसन्सची किल्ली सर्व्हरच्या सिरियल नंबरला बांधलेली. कोणी न सांगता सर्व्हर बदलला की ऐन दिवाळीत फोन.

"मग सगळं जावा या दुसऱ्या भाषेत का नाही नेत?" हाही प्रश्न ठरलेला. कारण उधारीची मर्यादा, योजनेचे दर, परत आलेला माल, यांचे बारकावे आरपीजी या भाषेत लिहिलेल्या त्या जुन्या प्रोग्रॅममध्येच आहेत, दुसरीकडे कुठे लिहिलेले नाहीत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तोही आम्ही त्यातच बसवला. वापरणाऱ्याला ब्राउझरमधला पडदा देतो, आतला हिशेब तोच ठेवतो. जुनं म्हणून सगळंच जपावं असं मात्र मी म्हणत नाही. सहाव्या रकान्यात ठरावीक अक्षर टाकायची ती आरपीजी मी आता कुणाला लिहू देत नाही. २०१३ पासून प्रोग्रॅममधल्या माहितीच्या व्याख्यासुद्धा मोकळ्या मांडणीत लिहिता येतात, मग रकाने मोजत बसायचं कशाला?

माणसं मिळतात का, असंही विचारता. तयार मिळत नाहीत. नोकरीच्या जाहिरातीत आम्ही आजही 'एएस/४००' लिहितो, कारण अनुभवी माणूस तेच नाव शोधतो. बाकी धुळ्या-जळगावच्या कॉलेजांतली पोरं घेतो आणि व्हीएस कोड या प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवतो, तिथे या सिस्टिमसाठी वेगळं एक्स्टेंशन (जोडणी) आहे. हिरवा पडदा, म्हणजे या सिस्टिमचा नुसत्या अक्षरांचा जुना स्क्रीन, त्यांना नंतर दाखवतो, नाहीतर पहिल्याच दिवशी पुण्याची गाडी पकडतील. तुमच्या घरातलं कोणी इच्छुक असेल तर 'पब४००' नावाचा जर्मनीतला सर्व्हर शिकणाऱ्यांसाठी फुकट खातं देतो. आठवडाभर त्यावर हात फिरवून मग या म्हणावं, मुलाखत घेऊ.