ठोंब्याची पेटी आणि नऊ तासांचा रस्ता

घर बदलायचं ठरलं तेव्हा सामानाची यादी दोन दिवसांत झाली. ठोंब्याला कसं न्यायचं, हा विषय मात्र आठवडाभर कुणी काढेना. ठोंब्या म्हणजे आमचा बोका. वय सहा, वजन पाच किलो दोनशे ग्रॅम. गाडीचा अनुभव विचाराल तर वर्षातून एकदा लसीला जाणं, वीस मिनिटं, आणि वीसही मिनिटं भोंगा चालू. आता पुढ्यात साडेचारशे किलोमीटर होते. थांबत थांबत नऊ तास धरले होते.

प्रवास नीट झाला, हे आधीच सांगून टाकते. त्या दिवशी आम्ही विशेष काही केलं नाही. जे केलं ते आधीच्या सहा आठवड्यांत, आणि त्यातलंही बरंचसं एकदा चुकून मग दुरुस्त केलेलं.

त्याला न्यायला आमच्याकडे चेनवाली मऊ कापडी पिशवी होती. माळ्यावर असायची, लसीच्या दिवशीच खाली यायची. स्टूल सरकल्याचा आवाज झाला की हा पलंगाखाली. मग झाडू, मग ओरखडे, मग कोंबाकोंबी. पिशवी म्हणजे संकट हे आम्हीच त्याला इतकी वर्षं शिकवत होतो. त्यात एकदा त्याने आत शू केली होती. आपल्याला धुतल्यावर वास येत नाही, त्याला येतो. ती पिशवी सुधारण्याच्या भानगडीत न पडता नवीन पेटी घ्यायची ठरवली. (जुनीच वापरायची असेल तर एन्झाइमवालं क्लीनर वापरा आणि कडक उन्हात वाळवा. फिनॉल असलेलं जंतुनाशक नको, मांजरांना ते विषारी असतं.)

पेटीसाठी ठोंब्याचं माप घ्यायला टेप घेऊन बसले तर साहेब टेपशीच खेळायला लागले. शेवटी खाताना उभा असताना घेतलं. विमानासाठी आयाटाचं (विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) जे सूत्र आहे ते सोपं आहे आणि अंदाजासाठी कुठेही चालतं. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी घ्यायची, त्यात जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग मिळवायचा, ही पेटीची आतली लांबी. रुंदी खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट. उंची म्हणजे उभं असताना डोक्याचं किंवा कानांचं टोक, जे वर असेल ते, अधिक अंथरुणाची जाडी. ठोंब्याचे आकडे ४७ आणि १६, म्हणजे लांबी ५५ सेंटिमीटर. खांदे १५, म्हणजे रुंदी ३०. जनावराला आत उभं राहता, वळता आणि अंग टाकता आलं पाहिजे, एवढाच याचा अर्थ.

मला मात्र मोह झाला होता त्याहून दोन मापं मोठी घ्यायचा. नऊ तास बिचारा, ऐसपैस बसू दे. माझी बहीण कुत्रेवाली. ती म्हणाली, "अगं, घर घेतेयस का त्याला? ब्रेक लागला की त्या पेटीत तो चेंडूसारखा घरंगळेल." तिचं खरं होतं. चालत्या गाडीत पाठ टेकायला भिंत जवळ असलेली बरी.

दुसरा निर्णय कडक की मऊ. मऊ पिशवी हलकी असते, विमानात सीटखाली सरकते, तिथे तीच सोयीची. पण गाडीच्या लांब प्रवासाला मी कडक प्लास्टिकच घ्या म्हणेन. ती चेपत नाही, धुता येते, आणि चेन नखाने उघडणारी मांजरं असतात, आमच्याच घरात एक आहे. तारेच्या पिंजऱ्याला हवा छान, पण चहूबाजूंनी उघडं. मांजराला लपायला काही उरत नाही, वरून चादर टाकावी लागते.

कडक पेट्यांतही एक गोष्ट बघाच: वरचा अर्धा भाग पूर्ण सुटा होतो का. दुकानात याकडे कुणी लक्ष वेधत नाही आणि खरा फायदा याचाच. डॉक्टरांकडे झाकण काढलं की मांजर खालच्या अर्ध्या भागात बसल्या बसल्या तपासून होतं, ओढून काढावं लागत नाही. घरी सवय लावतानाही हाच भाग कामाला येतो. वरून उघडणारं दार असेल तर आणखी सोय.

आता सवय. पहिल्या दिवशी नुसता खालचा अर्धा भाग हॉलमध्ये, दुपारी त्याचं ऊन पडतं त्या कोपऱ्यात ठेवला. आत त्याचा जुना टॉवेल, न धुतलेला. आणि घरात सगळ्यांना ताकीद: कुणीही त्याला उचलून आत ठेवायचं नाही, बोलवायचं नाही, बघायचंसुद्धा नाही. दोन दिवस तो लांबून वळसा घालून जात होता. तिसऱ्या दिवशी वास घेतला. पाचव्या दिवशी मी स्वयंपाकघरातून आले तर आत पसरलेला. मी ओरडणार होते आनंदाने, तोंडावर हात धरला.

मग वाटी पेटीशेजारी, मग कडेवर, मग आत. आठवड्याने झाकण बसवलं, दार नाही. दार लावलं ते तिसऱ्या आठवड्यात, आणि तेही तीन सेकंद: लावलं, जाळीतून खाऊ दिला, उघडलं. तीनाचे दहा, दहाचे तीस, मग पाच मिनिटं. तो शांत असतानाच उघडायचं. म्याव म्याव सुरू झाल्यावर उघडलं तर ओरडलं की दार उघडतं हे पाठ होतं. पण खरोखर घाबरला असेल, म्हणजे डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, कान आडवे, धापा टाकतोय, तर तत्त्वं बाजूला ठेवून लगेच उघडा आणि पुढच्या वेळी दोन पायऱ्या मागून सुरुवात करा.

आम्ही घसरलो ते उचलण्याच्या पायरीवर. सगळं इतकं छान चाललं होतं की नवऱ्याने एक दिवस पेटी वरच्या मुठीने (म्हणजे हँडलने) धरून थेट जिन्यापर्यंत नेली. मुठीने उचललेली पेटी झोका घेते, आणि आतल्याला ते अजिबात आवडत नाही. त्यानंतर चार दिवस ठोंब्या पेटीकडे फिरकला नाही. परत टॉवेल, परत वाटी. तेव्हापासून नियम: दोन्ही हात खाली, पेटी छातीशी. शेवटचे दहा दिवस गाडीचे. आधी बंद गाडीत नुसतं बसणं, मग इंजिन चालू पण गाडी उभी, मग गल्लीला एक फेरी, शेवटी अर्धा तास.

सहा आठवडे नसतील तर? दोन आठवडे तरी घ्या, आणि त्यातला जास्त वेळ दाराआधीच्या पायऱ्यांना द्या. आत जाणं स्वखुशीचं झालं की पुढचं त्यामानाने पटकन होतं.

औषधाबद्दल: गुंगी द्यायची असं माझ्या डोक्यात होतं. आमच्या डॉक्टरांनी समजावलं की गाढ गुंगीत रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळलं जात नाही, विमानात तर ते टाळतातच. त्याऐवजी त्यांनी भीती कमी करणारी गोळी दिली आणि आठवडाभर आधी घरीच एकदा देऊन बघायला लावली. हे फार महत्त्वाचं. औषधाचा पहिला प्रयोग हायवेवर नको. फेरोमोनचा (मांजराला आश्वस्त करणाऱ्या वासाचा) फवारा वापरणार असाल तर मांजर आत जाण्याच्या पंधरा मिनिटं आधी पेटीत मारा, त्यातलं अल्कोहोल उडून जाऊ द्या.

निघायच्या दिवशी सामानाच्या गडबडीत आदल्या रात्रीपासून त्याला एका रिकाम्या खोलीत बंद ठेवलं होतं, पेटी, पाणी आणि लिटर ट्रेसकट (त्याचा शू-शीचा ट्रे). ही युक्ती करा. हमालांनी सताड उघड्या ठेवलेल्या दारातून मांजर पळालं तर पेटी कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. खाणं निघण्याच्या पाच तास आधी, तेही थोडंसं. सहा वाजता दार उघडलं तर हा पेटीतच झोपलेला. दार लावलं, निघालो.

पेटी पुढच्या सीटच्या मागे, खाली पायाच्या जागेत, बाजूने उशा ठासून. सीटवर ठेवून सीटचा पट्टा पेटीच्या मुठीतून ओवतात तसं करू नका. जोराच्या धडकेत मूठ तुटते, आणि पट्टा पेटीवरून घेतला तर पेटीच चेपू शकते. धडक चाचणी झालेल्या आणि पट्ट्यासाठीच बनवलेल्या पेट्यांची गोष्ट वेगळी. तीन बाजूंनी पातळ चादर, पुढची जाळी उघडी.

पहिली वीस मिनिटं ओरडला. लाळही गळली थोडी, म्हणजे मळमळत होतं. मग गप्प. पुढचा भोंगा एकदम तीन तासांनी, घाटात.

पेट्रोल पंपावर मात्र माझं काळीज तोंडात आलं. पेटी जरा सावलीच्या बाजूला घ्यावी म्हणून उचलली तर खालच्या भागाची एक कड सुटून लोंबली. झाकण धरणारी एक प्लास्टिकची क्लिप नीट बसलेली नव्हती. काचा बंद होत्या म्हणून निभावलं. तेव्हापासून चारही कोपऱ्यांना केबल टाय मारते (आणि ते कापायला कात्री जवळ ठेवते, हा धडा नंतरचा). मोठ्या पेटीला क्लिपांऐवजी धातूचे नट-बोल्ट असलेले बरे. गाडी उभी असताना पेटी उघडायची वेळ आलीच तर आधी सगळी दारं लॉक, काचा वर. ठोंब्याला हार्नेसही (छातीभोवतीचा पट्टा) घातला होता.

आम्ही दोघं आळीपाळीने खाली उतरलो. बाहेर २४ अंश असले तरी उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटांत ३४ आणि अर्ध्या तासात ४३ पर्यंत जातं. एसी बंद करून "आलोच पाच मिनिटांत" हा प्रकार नाही म्हणजे नाही.

दर दोन तासांनी पाणी दाखवलं, त्याने तोंड फिरवलं. शूही केली नाही, पेटीत अंथरलेला शू शोषणारा पॅड कोरडाच राहिला. मांजरं बराच वेळ धरून ठेवतात, त्याची चिंता नको. पण पोचल्यावर बोका ट्रेमध्ये बसून जोर करतोय आणि काहीच येत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, मूत्रमार्ग अडलेला असू शकतो आणि तो जिवावर बेततो. कुत्रा असेल तर हिशेब वेगळा: त्याला दोन-तीन तासांनी खाली उतरवावं लागतं, आणि त्याच्या गळ्यातला पट्टा पेटीचं दार उघडायच्या आधी हातात हवा. बहिणीने हे दोनदा बजावून सांगितलंय, म्हणून लिहिलं.

नव्या घरी आधी एकच खोली उघडली. पेटी कोपऱ्यात, दार काढून, तोच न धुतलेला टॉवेल आत. समोर ट्रे, लांब पाणी. तीन तास तो बाहेर आला नाही. आम्हीही आत हात घातला नाही. रात्री अकराला ट्रेमधली माती उकरल्याचा आवाज आला आणि नवरा अंधारातच म्हणाला, "झालं एकदाचं." खाल्लं दुसऱ्या दिवशी सकाळी. चोवीस तास उलटूनही मांजर काहीच खात नसेल तर डॉक्टरांना फोन करा, मांजरांना उपास लवकर बाधतो.

पेटी अजून हॉलमध्येच आहे, ऊन येतं त्या बाजूला. काढलेलं दार आणि केबल टाय कपाटात ठेवलेत, एकाच पिशवीत, कात्रीसकट.