वसुधारा: माणाच्या पुढची पायपीट

चारधामला जाणाऱ्या बहुतेक मराठी मंडळींचा वसुधारा धबधबा हुकतो. टूरवाले बद्रीनाथच्या पुढच्या माणा गावात तासभर देतात. व्यास गुंफा, गणेश गुंफा, भीमपुलावर फोटो, चहा, की चला गाडीत. धबधबा भीमपुलापासून साधारण पाच किलोमीटर पुढे, आणि तिथवर गाडी जात नाही. तेव्हा जमलं तर बद्रीनाथला एक मुक्काम वाढवाच.

माणा सुमारे 3,200 मीटरवर आहे. विरळ हवेची सवय नसते, म्हणून पोहोचल्या दिवशी लगेच निघू नका. भीमपुलाखाली सरस्वती एवढी गर्जते की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. पूल ओलांडला की गर्दी संपते. खाली अलकनंदा, वर उघडे कडे, आधी फरसबंद वाट आणि नंतर नुसते दगडधोंडे. सावली कुठेच नाही. दुकानही नाही, पाणी-खाऊ माण्यातूनच घ्या.

सुमारे 400 फुटांवरून येणारी धार सरळ खाली पोहोचतच नाही. वारा ती मध्येच पकडतो आणि वाळत घातलेल्या धोतरासारखी कड्यावर फडफडवतो. पापी माणसाच्या अंगावर हे पाणी पडत नाही, अशी समजूत आहे. एक काकू बराच वेळ तळहात पुढे करून उभ्या होत्या, थेंब पडेना. सूनबाई गालातल्या गालात हसत होत्या. तेवढ्यात वारा फिरला आणि दोघी चिंब! पापपुण्याचा हिशेब इथे वाराच ठेवतो, असं माझं मत.

पाणी वरच्या बर्फाचं, त्यामुळे ऊन चढेल तशी धार वाढते. पण दुपारी वाराही चढतो आणि ढगही येतात. पहाटे निघून दुपारपर्यंत परतणं उत्तम. मे-जूनमध्ये वाटेत बर्फाचे पट्टे लागतात. त्यांच्याखालून ओढे वाहत असतात, म्हणून मळलेली पायवाट सोडू नका. काठी आणि चांगली पकड असलेले बूट हवेत. पावसाळ्यात दरडींमुळे बद्रीनाथचा रस्ताच बंद पडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात आकाश स्वच्छ, पण धार बारीक. चारधामची नोंदणी घरूनच करून ठेवा.

कड्याच्या अगदी पायथ्याशी बसून डबा उघडू नका, वरून दगड येतात. आणि तिथून पुढच्या सतोपंथ तलावाचा मोह झाला तरी मागे फिरा. त्यासाठी परवाना, वाटाड्या आणि तंबू लागतो.