साडेतेरा हजार किलोमीटर आणि एक खुर्ची

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, सर्वात जवळच्या हवाई मार्गाने, सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा, तो उत्तर ध्रुवाजवळून जातो. ताशी नऊशेने पंधरा तास. आम्हाला लागले सेहेचाळीस!

स्वस्त पडतं म्हणून युरोपात विमान बदलायचं तिकीट काढलं. तिथेच अंतर साडेपंधरा हजारांच्या पुढे गेलं. पहाटे अडीचला निघून त्याच दिवशी ११.५० ला उतरणार, हे वाचून शेजारी म्हणाले, "नऊ तासांत अमेरिका?" उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे असतं. ते मिळवलं की बावीस तास होतात. दोन घड्याळांची वजाबाकी म्हणजे प्रवासाचा वेळ नव्हे, हे आधी डोक्यात घ्या.

मधला थांबा होता एक तास वीस मिनिटांचा. मुंबईहूनच पाऊण तास उशिरा निघालो. उतरल्यावर पुन्हा सुरक्षा तपासणी, आणि रांग अशी की टोक दिसेना. हिच्या पिशवीतला मेतकुटाचा डबा निघाला. त्या माणसाने झाकण उघडलं, वास घेतला, दुसऱ्याला बोलावलं, त्यानेही घेतला. आम्ही धापा टाकत गेटवर पोहोचलो तेव्हा विमान काचेपलीकडे उभं होतं आणि दार बंद!

काउंटरवरच्या बाईंनी उद्याच्या त्याच विमानाचे बोर्डिंग पास दिले, वर हॉटेलची चिठ्ठी. आम्ही खूश. पासपोर्टच्या खिडकीवरच्या अधिकाऱ्याने पानं चाळली, अमेरिकेचा व्हिसा पाहिला आणि विचारलं, "शेंगेन?" म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत शिरायला लागणारा व्हिसा. तो आमच्याकडे नव्हता. तो नसताना आम्हाला तिथे विमान बदलता येत होतं, विमानतळाबाहेर पडता येत नव्हतं. पुन्हा काउंटर. बाईंनी चिठ्ठी परत घेतली, खाण्याची कुपनं हातात ठेवली आणि पुढच्या माणसाकडे पाहिलं. एवढंच. देताना आमचे पासपोर्ट उघडून पाहायला काय झालं होतं? अजूनही आठवलं की डोकं फिरतं.

मग खुर्ची. लोखंडी हात असलेली, आडवं होता येऊ नये अशीच बनवलेली. माझ्या बीपीच्या गोळ्या चेक-इन बॅगेत, म्हणजे विमानतळाच्या पोटात कुठेतरी. गोळ्या, एक जोडी कपडे, चार्जर जवळच ठेवा. चुलतभाऊ हे सांगत होता, मी हसण्यावारी नेलं. रात्री दोनला ही खाकऱ्यावर मेतकूट घालून खात होती. मला देऊ केलं, मी रागाने नाही म्हटलं. चारला मागून घेतलं.

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असल्याने दुसऱ्या विमानाचे पैसे पुन्हा भरावे लागले नाहीत. वेगवेगळी तिकिटं काढून पैसे वाचवणाऱ्यांनी याचा विचार करावा. एवढ्या उशिराबद्दल विमान कंपनीकडे भरपाई मागून तरी पाहा, असं मुलगी म्हणाली. अर्ज गेलाय. "मिळाला" एवढंच उत्तर आलंय.

पुढचे साडेअकरा तास झोपेत गेले.

परतीच्या तिकिटात मुलीने मधला वेळ पाच तासांचा करून घेतलाय. ही विचारते, "एवढा वेळ तिथे करायचं काय?"